दाक बद्द झालंय

परवापासून लेकाला सर्दी आहे. सकाळी मेतकूट-भात पुढे ठेवला तर म्हणतो, "आई, बला दको. दाक बद्द झालंय." मला हसू आलं, तो आणखी चिडला. नाक चोंदलं की हवेला तिकडून वाटच उरत नाही, मग म चा ब होतो, न चा द आणि ण चा ड. पाणीसुद्धा 'पाडी' म्हणून मागितलं पोराने.

त्यावरून मला फायू भाषा आठवली. न्यू गिनी बेटाचा पश्चिम भाग इंडोनेशियाकडे आहे. तिथे पापुआत, तारिकू नदीकाठच्या दलदलीच्या जंगलात ती बोलतात. बोलणारे साधारण १४००, तोही आकडा १९९९ सालचा. जर्मन शिकत होते तेव्हा झाबिने क्युग्लरचं २००५ साली आलेलं आत्मकथन हाती लागलं होतं. तिचे आईवडील भाषेच्या आणि धर्मप्रसाराच्या कामासाठी फायूंमध्ये जाऊन राहिले, ती तिथेच वाढली. पुस्तक गाजलं ते जंगलातल्या बालपणामुळे. मी मात्र त्यानंतर त्या भाषेच्याच मागे लागले.

फायूत अनुनासिक व्यंजनं नाहीत. भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता घ्या आणि ङ, ञ, ण, न, म हा शेवटचा रकाना कात्रीने कापून टाका. म्हणजे सर्दी नसतानाही तो रकाना नाहीच! त्या खोऱ्यातल्या तिच्या बहिणभाषांचंही तेच. मुळात व्यंजनंच मोजकी. ती कसर सूर भरून काढतात, आवाज चढा की उतरता यावर शब्दाचा अर्थ बदलतो. हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही, आपल्याकडे पंजाबीत तेच चालतं. त्यांचा 'घोडा' आपल्या कानाला 'कोडा' वाटतो, आणि तो घोडाच आहे हे कळतं सुरावरून.

मग मी नकाशा काढून बसले (हा माझा जुना नाद). तारिकू, तारिताटू: एकही अनुनासिक नाही. फायूंचे चार गट, इयारिके, तिग्रे, तेआरू, सेफोइदी: तिथेही नाही. दोन्ही नद्या मिळून पुढे जी नदी होते तिचं नाव मात्र मांबेरामो, म ची नुसती खैरात. आणि ज्या देशाचे ते नागरिक, त्याच्या 'इंडोनेशिया' या नावातच दोन न.

कितीतरी भाषांत आईसाठीच्या शब्दात म असतो. रोमान याकोबसन हा भाषाशास्त्रज्ञ म्हणायचा, अंगावर पिताना बाळाचं तोंड गुंतलेलं असतं, तेव्हा नाकातून जो हुंकार येतो त्यातूनच तो म आला. फायू बाळही तसंच हुंकारत असणार. पण मोठ्यांच्या बोलण्यात त्या म ला बसायला पाटच नाही.

आपल्या 'आई'तही म नाही, हे मला आजच लक्षात आलं. दोन दिवस सगळी मराठी वाकडी बोलतोय पोरगा, तेवढा एक शब्द तेवढा स्पष्ट येतोय. दर पाच मिनिटांनी.