तुम्ही विचारलंत म्हणून: बिनाका गीतमाला आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागातले बुधवार

हा प्रश्न मला लग्नात विचारतात, पुण्याच्या नातेवाइकांकडे विचारतात, आणि आता तर भाचीचा मुलगा पण विचारायला लागलाय, की आजी, हवं ते गाणं मोबाईलवर मिळतं, तुमच्या वेळी पण विविध भारती होतंच की, मग त्या बिनाका गीतमालेचं आणि अमीन सायानींचं तुम्हा लोकांना एवढं काय? आणि तेही तुमच्यासारख्या ग्वाल्हेर घराण्याचं गाणं असलेल्या घरात?

तर सांगते. बिनाका गीतमाला म्हणजे रेडिओ सिलोनवरचा हिंदी सिनेमाची गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने लावणारा कार्यक्रम, आणि अमीन सायानी त्याचे निवेदक. गाणी कुठेही मिळायची. बुधवारी रात्री 8 वाजता आम्ही निकाल ऐकायला बसायचो, आणि त्या निकालात आमचं मत असायचं.

पण आधी मागचं थोडं सांगायला हवं कारण ते माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. 1952 साली केंद्रात माहिती आणि प्रसारण खातं केसकरांकडे आलं, बी. व्ही. केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर, आणि सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची आवड बिघडते असं त्यांचं ठाम मत. ऑल इंडिया रेडिओवरची सिनेमाची गाणी कमी होत होत जवळजवळ नाहीशीच झाली. मग लोकांनी काय केलं, काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. कोलंबोला महायुद्धात फौजेसाठी लावलेला जबरदस्त शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता, तो अख्ख्या देशात ऐकू यायचा. त्याच वर्षी 3 डिसेंबरला तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली, तेव्हा निवेदकाला विसावं पूर्ण व्हायला अजून काही दिवस बाकी होते! कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा मुंबईत, टेप विमानाने जायची कोलंबोला, आणि तिथून आवाज यायचा ग्वाल्हेरला, आमच्या लश्कर भागात. सुरुवातीला तर हा पायदान, म्हणजे क्रमांकाची पायरी, वगैरे प्रकारच नव्हता, सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी ती लोकप्रियतेप्रमाणे लावून पाठवायची, बरोबर आलं तर 100 रुपये बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रं आली म्हणतात. पुढे विविध भारती आलं 1957 मध्ये, पण तोवर लोकांचा बुधवार ठरून गेला होता.

आमचे आजोबा माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले, घरी शिकवण्या घ्यायचे, पहाटे तानपुरा लागायचा, आणि या बाबतीत ते शंभर टक्के केसकरांच्या बाजूचे. घरात बुशचा रेडिओ होता पण तो बातम्यांसाठी आणि रात्रीच्या शास्त्रीय गाण्यासाठी, सिलोनला काटा न्यायची कोणाची हिंमत नव्हती. मग आम्ही सगळी मुलं चौक ओलांडून समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंकडे. काकूंनी खोलीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी बांधली होती एरियल म्हणून, आणि तरीही आवाज यायचा-जायचा, मध्येच कुठलं तरी परकं स्टेशन घुसायचं, मग एकाने उठून काटा केसभर सरकवायचा आणि बाकीच्यांनी ओरडायचं, पुढे, नाही नाही, मागे, बस बस राहू दे.

आता मतांचं. दादा आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी गल्लीत श्रोता संघ काढला होता, तसे संघ तेव्हा गावोगावी होते. गाण्यांचा क्रम लावताना गीतमालावाले दुकानांमधल्या रेकॉर्डचा खप बघायचेच, पण नुसत्या खपावर भागत नव्हतं, कारण एखादी रेकॉर्ड इतकी चालली की दुकानातून संपलीच तर कागदावर तिचा खप कमीच दिसणार ना, म्हणून मग या संघांची मतं. आमच्या संघाची बैठक रविवारी ओट्यावर व्हायची आणि वाद म्हणजे काय, मुकेशवाले एकीकडे, रफीवाले दुसरीकडे, एकदा तर दोघांचं आठवडाभर बोलणं बंद होतं. शेवटी यादी ठरली की ती पोस्टकार्डावर लिहायची मी, कारण माझं हिंदीचं अक्षर चांगलं. मुलींना संघात घेतलं नव्हतं, पण यादी माझ्या हातून जायची आणि चौथ्या-पाचव्या नंबरवर कोणाचं एकमत नसलं की मी विचारायचे, मग हे लिहू का, आणि ते हो म्हणायचे. कार्ड बाडा चौकातल्या मोठ्या पोस्टात टाकायला मी स्वतः जायचे.

म्हणजे बुधवारी सोळाव्या पायदानापासून वर चढायला लागलं की आमचा जीव टांगणीला. आणि इथे अमीन सायानींचं कसब आहे जे मी लोकांना सांगून सांगून थकत नाही. ते नंबर नुसता वाचत नसत. हे गाणं मागच्या आठवड्यात कुठे होतं, किती चढलं, कोणाला ढकलून वर आलं, कोण बिचारं खाली घसरलं, असं सगळं ते अशा काही आपुलकीने सांगायचे की गाणी म्हणजे गल्लीतलीच कोणी माणसं वाटायची. घसरलेल्या गाण्याला त्यांनी कधी हिणवलेलं मला आठवत नाही. आणि एखादं गाणं खूप आठवडे टिकलं की बिगुल वाजवून त्याला सरताज करायचे आणि मानाने निरोप द्यायचे, म्हणजे नव्या गाण्यांना जागा. किती शहाणी पद्धत! आज कुठल्याच यादीत जुन्याला असा निरोप देत नाहीत, ते नुसतं नाहीसं होतं.

क्रम नेहमी बरोबर असायचा असं मी मुळीच म्हणणार नाही. कितीतरी सुंदर गाणी कायम खालीच राहिली. पण चुकीचा लागला तरी तो आपण सगळ्यांनी मिळून लावलेला क्रम होता, त्याच्यावर चिडायचा आपल्याला हक्क होता.

वर्षाची शेवटची यादी डिसेंबरच्या अखेरीस लागायची. ग्वाल्हेरची तेव्हाची थंडी ज्यांनी काढलीय त्यांना सांगायला नको, काकूंच्या खोलीत मधोमध शेगडी, आम्ही रजया पांघरून, मुरैन्याची गजक फिरतेय. 1967 ची यादी होती. वरचे नंबर आले आणि आवाज गेला तो गेलाच, नुसती खरखर. दादा एरियल हातात धरून खुर्चीवर उभा. आणि तेवढ्यात चौकापलीकडून, आमच्याच घरातून, स्वच्छ आवाज यायला लागला. आम्ही पळालो. आजोबा बुशच्या समोर बसलेले, काटा सिलोनवर, आणि पहिल्या नंबरला मिलनमधलं सावन का महीना. त्या गाण्याच्या सुरुवातीला मुकेश लताला शिकवतो ना, शोर नाही सोर म्हण, आणि ती परत चुकते, परत म्हणते. आजोबा पूर्ण गाणं मान खाली घालून ऐकत होते, आम्हाला बघूनही बंद केलं नाही, शेवटी म्हणाले, शिकवणारा चिडला नाही बघ, असं शिकवायला पाहिजे. पुढच्या बुधवारपासून मुलं समोर गेली नाहीत, काकूच आमच्याकडे यायला लागल्या.

मला खूप नंतर कळलं की सायानी लहानपणी काही काळ आमच्याच किल्ल्यावरच्या सिंधिया स्कूलमध्ये होते. म्हणजे लश्करातल्या कुठल्याही गच्चीवरून दिसतो त्या किल्ल्यावर! ते कळलं तेव्हा आजोबा नव्हते, नाहीतर म्हणाले असते, मग बरोबर, ग्वाल्हेरचं पाणी. आणि दुसरं कळलं ते त्यांच्या आईचं. कुलसुम सायानी, प्रौढांना लिहावाचायला शिकवण्यात आयुष्य घातलेली बाई, त्या रहबर नावाचं पाक्षिक काढायच्या, एकच मजकूर देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, भाषा मात्र साधी हिंदुस्थानी, गांधीजींचंच तसं सांगणं होतं, आणि हा मुलगा त्या कामात आईच्या हाताखाली होता. ते वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या काकूंना हिंदी धड येत नव्हतं, जन्म सगळा कोकणात गेलेला, लग्न होऊन इथे आलेल्या, पण सायानींचं एक वाक्य त्यांना कधी अडलं नाही. नुकतंच अक्षर ओळखायला लागलेल्या माणसाला समजेल असं लिहिण्यात ज्याचं लहानपण गेलं तो रेडिओवर असाच बोलणार.

1989 मध्ये कार्यक्रम विविध भारतीवर आला, नाव तोवर सिबाका झालं होतं, आवाज एकदम स्वच्छ, आणि मी ऐकायचे पण. पण संघातली मुलं नोकऱ्यांना पांगली होती, कोण भोपाळ कोण नागपूर, आणि घरोघरी टीव्ही आला होता.

20 फेब्रुवारी 2024 ला सायानी गेले तेव्हा दादाचा फोन आला, तो आता कॅनडात असतो. तासभर बोललो आणि त्यातला अर्धा वेळ आम्ही जुन्या एका यादीवरून भांडलो, तिसऱ्या नंबरचं गाणं मी बदललं होतं असा त्याचा अजून आरोप आहे. बदललं होतंच, आणि ते गाणं चांगलंच होतं.

तर भाचीच्या मुलाला मी सांगितलंय, तुझ्या आईकडे ते सारेगामाचं कारवां, जुनी गाणी भरलेलं यंत्र, आहे ना, त्यात गीतमाला आहे, सायानींच्याच आवाजातली. लाव, आणि गाणं यायच्या आधी ते जे बोलतात ते पुढे ढकलू नकोस. दोन-तीन भाग ऐक आणि तुझ्या मते पहिल्या नंबरला काय हवं होतं ते मला कागदावर लिहून दे, मग आपण बोलू.