सिक, सर्जरी आणि आईचं पोट

लंडनचे चार दिवस मस्त गेले, टॉवर ब्रिज, म्युझियम, सगळं झालं, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला लिहायचंय ते एडिनबराच्या एका केमिस्टच्या दुकानातल्या दहा मिनिटांबद्दल, कारण त्या दहा मिनिटांत मी जेवढी घाबरले तेवढी आजवर कधीच घाबरले नव्हते.

किंग्ज क्रॉसहून एडिनबराला जाणारी ट्रेन साधारण साडेचार तासांची. न्यूकॅसलच्या पुढे उजव्या हाताला समुद्र दिसायला लागतो, मुद्दाम त्या बाजूच्या खिडक्या घेतलेल्या, पण आई डोळे मिटून बसलेली. वेव्हर्ली स्टेशनला उतरल्यावर म्हणाली, "पोटात ढवळतंय गं." काय बाधलं काही कळलं नाही. रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या, आणि औषधांची पिशवी लंडनला मावसबहिणीकडे राहिलेली. सकाळी तिचा चेहरा एवढासा झालेला. तिला हाताला धरून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे नेलं, दारापाशी खुर्ची होती तिथे बसवलं.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. मी सांगितलं, "माय मदर हॅज लूज मोशन्स." तिला समजलंच नाही. "सॉरी?" म्हणाली. मी तेच जरा मोठ्यानं म्हटलं, तरी नाही. आपल्याकडे दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे लूज मोशन म्हणतात, त्यामुळे तो शब्द तिथे चालणार नाही हे डोक्यातच आलं नव्हतं. मग आतून फार्मासिस्ट आले, पन्नाशीचे असतील. त्यांनी "डायरिया?" विचारलं, मी मान हलवली. पुढचा प्रश्न, "हॅज शी बीन सिक?"

आता आजारी आहे म्हणूनच तर आणलंय ना. मी म्हटलं, "यस, व्हेरी सिक, सिन्स यस्टरडे." ते एकदम गंभीर झाले. "हाऊ मेनी टाइम्स?" किती वेळा आजारी, म्हणजे काय? मी म्हटलं, "होल नाइट." मग "इज शी कीपिंग वॉटर डाऊन?" हे तर काहीच कळलं नाही, मी नो म्हणून मोकळी झाले. त्यावर ते शांतपणे म्हणाले की असं असेल तर मी तुमच्या जागी आत्ताच सर्जरीला फोन केला असता.

सर्जरी. माझे पायच गळाले. परक्या देशात आईचं ऑपरेशन, इन्शुरन्सचे कागद हॉटेलवर, बाबांना काय सांगायचं, सगळं एकदम डोक्यात. मागून आई विचारतेय, "काय म्हणतायत गं?" आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी रडवेल्या आवाजात मी त्यांना विचारलं, "व्हाय ऑपरेशन? अपेंडिक्स?"

तेव्हा त्या माणसाच्या लक्षात आलं. ते काउंटरच्या बाहेर आले, आईसमोर उकिडवे बसले आणि हातानं उलटीची खूण करून दाखवली. बीन सिक म्हणजे उलटी झाली का. कीपिंग वॉटर डाऊन म्हणजे प्यायलेलं पाणी पोटात ठरतंय का. आणि सर्जरी म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना, साधा, आपल्या गल्लीत असतो तसा! उलटी एकदाही झाली नव्हती, पाणी नीट पोटात राहत होतं. ते सांगितल्यावर त्यांचाही चेहरा सैल पडला.

मग दुखणं कसं आहे विचारलं. आई म्हणाली, "मुरडा येतो, एकदम कळ येते आणि जाते." माझ्याकडे या सगळ्याला एकच शब्द, पेन. आपल्याकडे कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, जळजळ वेगळी, आणि इंग्रजीत जाताना आपण सगळ्याचं पेन करून टाकतो. त्यांनीच एकेक शब्द पुढे केला. मुरडा म्हणजे क्रॅम्प्स. थांबून थांबून येतं तर इट कम्स अँड गोज. ठणकतं तर थ्रॉबिंग. बारीक दुखत राहतं ते डल एक (dull ache). मी मोबाइलमध्ये टाइप करत गेले, आईनं पर्समधली छोटी वही काढून देवनागरीत लिहून घेतलं.

मिठासाखरेची पाकिटं दिली. तिथे इलेक्ट्राल म्हणून उपयोग नाही, रीहायड्रेशन सॅशे म्हणायचं, आणि आपलं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात घालतात तसं हे नाही, हे छोटं पाकीट २०० मिलीचं, ते त्यांनी दोनदा बजावलं. क्रोसिनही नाही, पॅरासिटामॉल म्हणायचं (अमेरिकेत तेही चालत नाही, तिथे त्याच औषधाला असिटअमिनोफेन म्हणतात). साध्या दुकानात त्याच्या एका पाकिटात १६च गोळ्या मिळतात, १९९८ पासूनचा नियम आहे.

मला राग आला तो नंतर, हॉटेलवर आई झोपल्यावर. मी रोज ऑफिसात इंग्रजीत मीटिंगा घेते. आईनं तर या प्रवासासाठी कोल्हापुरात तीन महिने स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला होता, साठीत, पावसात छत्री घेऊन जायची. तिथे तिला काळ शिकवले, मे आय कम इन शिकवलं, स्वतःची ओळख पाठ करून घेतली. पोट दुखतंय, चक्कर येतेय, श्वास लागतोय, हे एकही वाक्य नाही. परदेशी निघालेल्या साठीच्या बाईला आधी काय लागणार आहे याचा विचार करायला नको का? मला खरंच वाईट वाटलं तिच्यासाठी.

तिसऱ्या दिवशी ती खडखडीत बरी. आर्थर्स सीटचा डोंगर २५१ मीटरच आहे पण वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही, आम्ही अर्ध्यातून परतलो कारण नवीन बुटानं आईची टाच सोलली होती. त्याच केमिस्टसमोरून येताना मी पुढे होणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब, मी जाते. शू बाइट नाही ना म्हणायचं इथे?" वहीत बघितलं, आत गेली. मी काचेतून बघत होते. काउंटरवर तेच होते.

"ब्लिस्टर," आई टाचेकडे बोट दाखवून म्हणाली. "प्लास्टर, प्लीज."

त्यांनी डबी काढून दिली आणि विचारलं, "अँड द टमी?"

"गुड," आई म्हणाली. "नो क्रॅम्प्स. नॉट सिक." आणि पोटावर हात ठेवून त्यांना नमस्कार केला.