बावीसची काडतुसे : चौथ्या महिन्याची नोंद

गेल्या डिसेंबरात पत्नीच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला संधिवात इतका वाढला, की तिला तिच्या 9 मिलिमीटर पिस्तुलाची स्लाइड (काडतूस भरण्यासाठी मागे खेचायचा वरचा सरकता भाग) मागे ओढणे अशक्य झाले. टेक्सासमधल्या आमच्या घरात संरक्षणासाठी ठेवायचे शस्त्र म्हणून आम्ही .22 एलआर (लाँग रायफल) हे बारीक काडतूस वापरणारे, रूगर कंपनीचे एलसीआर रिव्हॉल्व्हर निवडले. नळी 1.875 इंचांची, सिलिंडरमध्ये 8 काडतुसे. चाप जड आहे, परंतु तिची तर्जनी शाबूत असल्यामुळे तो तिला ओढता येतो. त्यात कोणते काडतूस भरावे, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही.

.22 सारख्या रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या काडतुसांची खरी अडचण वेगाची नसून पेट घेण्याची आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे. सेंटरफायर काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेटणारी टोपी असते; रिमफायरमध्ये स्फोटक मिश्रण ओले असतानाच पुंगळी फिरवून तिच्या पोकळ कडेत पसरवतात. कडेचा एखादा भाग कोरडा राहिला आणि पिन नेमकी तिथेच आदळली, तर बार फुसका जातो. जानेवारीत एका स्वस्त पेटीतली 500 काडतुसे झाडली, त्यांत 11 बार फुसके गेले. प्रत्येक वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण तीस सेकंद थांबलो आणि मगच सिलिंडर उघडला. बाहेर काढलेल्या काडतुसांच्या कडेवर पिनची खूण खोल व स्वच्छ उमटलेली होती, म्हणजे दोष रिव्हॉल्व्हरच्या ठोक्यात नव्हता. त्यांतली 8 काडतुसे थोडी फिरवून पुन्हा भरली, तेव्हा ती उडाली. पिस्तुलात फुसका बार गेला तर स्लाइड ओढावी लागते, आणि पत्नीला नेमके तेच जमत नाही. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस समोर येते.

फेब्रुवारीत सीसीआय कंपनीची मिनी-मॅग ही 40 ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) गोळीची 300 काडतुसे झाडली. एकही बार फुसका गेला नाही. पेटीवर 1,235 फूट प्रति सेकंद हा वेग छापलेला आहे, पण तो रायफलच्या लांब नळीतला. आमच्या आखूड नळीतून क्रोनोग्राफने, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने, साधारण 900 दाखवले. आत शिरल्यावर उमलून रुंद व्हाव्यात म्हणून बनवलेल्या पोकळ टोकाच्या गोळ्यांवरचा माझा विश्वास याच आकड्याने उडवला. जुन्या जीन्सच्या चार घड्या आणि त्यामागे पाण्याने भरलेले दुधाचे प्लास्टिकचे कॅन ओळीने मांडून अशा पाच गोळ्या झाडल्या. सापडलेल्या तीन गोळ्यांपैकी एकही उमललेली नव्हती; एकीच्या टोकाच्या खळग्यात निळ्या दोऱ्यांचा बोळा इतका घट्ट बसला होता, की तो टाचणीने उकरून काढावा लागला. पाण्याचे कॅन म्हणजे गोळ्यांच्या चाचणीसाठी शरीराच्या मांसाऐवजी वापरतात ते बॅलिस्टिक जिलेटिन नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही 1986 च्या मायामीतल्या दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने जिलेटिनमध्ये किमान 12 इंच खोलीचा जो दंडक ठरवला, त्यामागचा विचार मला इथेही योग्य वाटतो : गोळी इतकी लहान असेल, तर ती उमलण्यापेक्षा खोल जाणे महत्त्वाचे.

म्हणून मार्चपासून फेडरल कंपनीचे पंच हे काडतूस वापरून पाहत आहे. 29 ग्रेनची, निकेलचा मुलामा दिलेली ही गोळी आखूड नळीसाठीच बनवलेली असून, 2 इंची नळीतून 1,070 फूट वेग मिळतो असे कंपनी सांगते. आतापर्यंत 200 झाडल्या, फुसका बार शून्य. सात यार्डांवर त्या मिनी-मॅगपेक्षा जवळजवळ एक इंच खाली लागतात. गोळी हलकी व वेगवान असल्याने नळीचे तोंड वर उचलले जाण्याआधीच ती बाहेर पडते. पत्नीने पहिल्याच दिवशी, मी काही बोलण्यापूर्वी, ही बाब ओळखली आणि नेम आपणहून थोडा वर धरला. तिच्या शेवटच्या 40 गोळ्यांपैकी 36 लक्ष्य म्हणून लावलेल्या कागदी थाळीच्या आत आहेत.

.22 मॅग्नम या अधिक जोरकस काडतुसाचा विचार सोडून दिला : याच रिव्हॉल्व्हरच्या मॅग्नम आवृत्तीत सहाच काडतुसे मावतात, शिवाय आखूड नळीच्या तोंडाशी उठणारा जाळ आणि आवाज तिला नकोसा होतो.

घरी कोरडा सराव (काडतुसांविना चाप ओढण्याचा) करताना चेंबरमध्ये भिंतीच्या स्क्रूचे पिवळे प्लास्टिक प्लग घालतो, आणि त्या वेळी खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलुपात असतात. पंचची नवी पेटी वेगळ्या लॉटची (कारखान्यातल्या वेगळ्या खेपेची) आली आहे. तिच्यातली 100 काडतुसे निर्दोष उडेपर्यंत सिलिंडरमध्ये जुन्याच लॉटची 8 राहतील.