स्कायलॅबचा दुसरा पंख

‘शाळेने मला काय दिलं’ यावर चार शब्द लिहा, असं स्मरणिका समितीने कळवलं. संस्कार, शिस्त, स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी एका फोटोवर लिहितो. तोही वर्तमानपत्रातून कापलेला आणि धड न दिसणारा.

१९७९ चा जुलै. आम्ही नववीत होतो. ‘स्कायलॅब पडणार’ याशिवाय गावात दुसरा विषय नव्हता. अमेरिकेची ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा खाली येतेय आणि ती नेमकी कुठे पडेल ते कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, एवढं सगळ्यांना कळलं होतं. घाबरायला तेवढं पुरे. आमच्या आळीत काहीजण देव पाण्यात घालून बसले. एका घरात कोंबड्यांचा फडशा पडला. मरायचंच आहे तर ठेवायच्या कोणासाठी! आजी मला अंगणात जायचं तरी डोक्यावर घमेलं घे म्हणायची.

त्या दिवसांत आमच्या विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेच्या फळ्याशेजारी पेपरातलं एक कात्रण टाचणीने लावलं. सरांच्या खिशात कायम भिंग असायचं. जास्वंदीचे परागकण बघायला तेच, आणि आमच्या वहीत खोडरबराने केलेले उद्योग तपासायलाही तेच. त्यामुळे पाठीमागे ते ‘भिंग सर’. कात्रणावरच्या फोटोखाली ‘स्कायलॅब’ असं छापलेलंच होतं, म्हणजे ओळखायचं काही उरलं नव्हतं. सर म्हणाले, “नाव वाचू नका. काय दिसतंय ते सांगा.”

फळ्यावर मधोमध रेघ मारून त्यांनी दोन रकाने केले. एकावर लिहिलं ‘दिसतं’, दुसऱ्यावर ‘वाटतं’. आमची उत्तरं धडाधड येऊ लागली. पवनचक्की. पाणबुडी. रॉकेलचा पिंप आणि त्याला फुटलेले हात. सरांनी सगळी निमूटपणे ‘वाटतं’खाली लिहिली. पहिला रकाना कोराच. मग बाकावरची एकजण उठून म्हणाली, “काळ्यावर पांढुरका आडवा पट्टा आहे. वर चार पाती, फुलीसारखी. एका बाजूला लांब पंख आहे, दुसऱ्या बाजूला काही नाही.” ते सगळं पहिल्या रकान्यात गेलं.

दुसरा पंख पेपरवाल्यांनी कापला असेल, असं आमचं मत पडलं. सर म्हणाले, “कापला असता तर फोटोची कड यानाला चिकटली असती. इथे त्या बाजूला बोटभर काळोख शिल्लक आहे.” मग सावलीत गेला असेल? त्यावर त्यांनी उलट विचारलं, “ऊन कुठून येतंय?” आम्ही पात्यांची सावली शोधली. ती पंखाच्या रिकाम्या जागेकडे जातच नव्हती. अर्धा तास असा गेला, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी हललं नाही. आमच्या वर्गाच्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

मला भिंगातून बघायची परवानगी मिळाली. जवळून सगळं स्पष्ट होईल म्हणून मी डोळा लावला, तर यानच गायब! नुसते ठिपके, कुठे जाड, कुठे बारीक. तेव्हा पेपरातले फोटो जस्ताच्या ब्लॉकवरून छापत, आणि त्या ठिपक्यांच्या मधल्या जागेत काहीही नसतं. भिंग कितीही चांगलं असलं तरी जे छापलंच नाही ते ते कुठून दाखवणार? सरांनी मला मागे मागे नेत पार दारापर्यंत नेलं. तिथून मात्र यान पुन्हा जुळून आलं, आणि त्याच्या अंगावरचा एक फिकट चौकोनही दिसला. खिडकी, जाहिरात, शाईचा डाग, असे तर्क पुन्हा दुसऱ्या रकान्यात जमा झाले.

वर्गातला सगळ्यात वांड मुलगा तेव्हा म्हणाला, “पण सर, हा फोटो काढला कोणी?” आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी भिंग दिवसभरासाठी त्याच्या हवाली केलं. कारण पेपरात फोटो कालचा असल्यासारखा छापला होता, आणि वर तर त्या वेळी कोणीच नव्हतं! शेवटचे तिघे अंतराळवीर १९७४ च्या फेब्रुवारीत ८४ दिवसांचा मुक्काम आटोपून निघाले, तेव्हा जाता जाता त्यांनी आपल्या रिकाम्या घराचे फोटो काढले होते. आमचा फोटो त्यांपैकीच. म्हणजे गाव ज्याला घाबरत होतं ते चित्र पाच वर्षांपूर्वीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी कपाटातून एक रंगीत मासिक काढलं आणि उलगडा केला. १४ मे १९७३ ला स्कायलॅब सुटली आणि ६३ सेकंदांतच तिच्या अंगावरचं संरक्षक कवच उखडलं. जाताना एक सौरपंखही घेऊन गेलं. उरलेला पंख पत्र्याच्या एका पट्टीत अडकून मिटलेलाच राहिला. वीज तोकडी, आणि आतलं तापमान ५० अंशांच्या वर. यानात माणूस नव्हता. जमिनीवरच्या लोकांनी येणाऱ्या आकड्यांवरून तर्क बांधले: इथे वीज इतकी कमी म्हणजे पंख उघडले नाहीत, तिथे इतकं तापलंय म्हणजे कवच नाही. दहा दिवसांत त्यांनी सावलीसाठी कापड शिवून घेतलं. २५ मे रोजी कॉनराड, केरविन आणि वाइट्झ ते घेऊन गेले, एका छोट्या झरोक्यातून त्यांनी ते बाहेर काढून छत्रीसारखं उघडलं, आणि आतला उकाडा उतरला. ७ जूनला कॉनराड आणि केरविन यांनी बाहेर जाऊन लांब दांडीच्या कात्रीने ती पट्टी कापली आणि अडकलेला पंख उघडला. पुढच्या तुकडीने पहिल्या छतावर आणखी एक मोठं कापड ताणलं. आमचा फिकट चौकोन म्हणजे ते कापड! ‘शाईचा डाग’ म्हणणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

११ जुलैला, आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले असताना, स्कायलॅब हिंदी महासागर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियावर तुकडे होऊन पडली. एस्पेरन्स गावाच्या परिसरात तुकडे सापडले, कोणाला इजा झाली नाही. तिथल्या नगरपालिकेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंडही ठोकला. चारच दिवसांनी पंतप्रधान मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला आणि पेपरातून स्कायलॅब हद्दपार झाली. आजी मात्र पुढे महिनाभर घमेल्याचा आग्रह धरून होती.

माझी नोकरी एक्स-रे विभागातली. निदान करणं डॉक्टरांचं काम; पण फिल्म उजेडासमोर धरल्यावर पेशंटचे नातेवाईक आधी मलाच विचारतात, “काय आहे हो?” अशा वेळी दुसऱ्या रकान्यातलं काही तोंडातून निसटू द्यायचं नाही, ही सवय मला कुठल्या कोर्सात लागलेली नाही.

आमच्या १९८१ च्या दहावीच्या तुकडीचा आता फोनवर ग्रुप आहे. २०१९ च्या सप्टेंबरात चंद्रावर उतरता उतरता आपल्या चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला आणि थोड्याच दिवसांत नासाने उतरण्याच्या जागेचे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून घेतलेले फोटो प्रसिद्ध केले. आमच्याकडे लगेच लाल वर्तुळांचा पाऊस पडला. कोणाला पाय दिसले, कोणाला अख्खं यान. त्या काळी पंख नसल्याचं पहिल्यांदा सांगणारी वर्गभगिनी आता बँकेतून निवृत्त झाली आहे. तिने एवढंच लिहिलं, “त्याच जागेचा आधीचा फोटो शेजारी ठेवा. नवीन काय आलंय ते बघा.” कोणी फारसं मनावर घेतलं नाही. २ डिसेंबरला नासाने जाहीर केलं, की चेन्नईचे इंजिनिअर षण्मुग सुब्रमण्यन यांनी नेमकं असंच करून अवशेषांचा एक ठिपका हुडकला आहे, आदळण्याच्या मुख्य जागेपासून सुमारे ७५० मीटर वायव्येला.

ग्रुपवर सगळ्यांनी तिच्याकडे पार्टी मागितली. तिचं उत्तर आलं, “ठिपका त्यांनी शोधलाय. चेन्नईला जा आणि इडली मागा.”