काळबादेवीची ट्राम मगावर: पाच मग आणि एक तार

मगांवर सब्लिमेशनने (खास शाईने कागदावर छापायचं, तो कागद मगाला गुंडाळायचा आणि हीट प्रेसमध्ये तापवायचा) फुलाबिलांची नक्षी छापण्यात हात बसल्यावर ठरवलं होतं, की आता जुन्या मुंबईचा फोटो छापायचा. पोस्टकार्ड मामांच्या तिकिटांच्या अल्बममध्ये सापडलं. काळबादेवी रस्ता, दोन्ही अंगांना लाकडी कठड्यांचे सज्जे, मधोमध ट्राम आणि तिच्या उजवीकडून रमतगमत चाललेली बैलगाडी. तारीख कुठेच नाही.

600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन केलं आणि गिंप या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये साफसफाईला बसलो. बुरशीचे ठिपके, घडीची खूण, ओरखडे. आभाळातून एक बारीक रेघ गेली होती, तीही ओरखडा समजून अर्धी पुसली. झूम कमी केल्यावर दिसलं, की रेघ थेट ट्रामच्या टपावरच्या दांड्याला येऊन टेकतेय. विजेची तार! सगळं अनडू. त्या तारेनेच कार्डाचं वयही थोडंफार सांगितलं. मुंबईत ट्राम 1874 पासून होती, पण घोडे ओढायचे ती. विजेची सुरू झाली मे 1907 मध्ये. म्हणजे फोटो त्यानंतरचा. डबल डेकर 1920 मध्ये आल्या आणि ही एकमजलीच आहे, पण एकमजली पुढेही धावतच होत्या, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही.

तेव्हापासून माझं एकच लक्ष्य: मगावर तार दिसली पाहिजे.

पहिला मग: कागदावरची प्रिंट मिरर (आरशासारखी उलटी) करायला विसरलो, त्यामुळे मगावर सगळं उलटं उमटलं. फुलांना उलटसुलट काही नसतं, दुकानांच्या पाट्यांना असतं. बाकी छपाई झकास, हेच दुःख.

दुसरा: आभाळात पांढुरके ढग उठले. जुलैतली हवा, कागदाने ओल धरलेली. प्रेसमध्ये तिची वाफ होते आणि शाई सारखी बसत नाही. आता कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. छापण्याआधी मगही कोमट करून घेतो.

तिसऱ्यात मांडणी चुकली, आणि ही गोष्ट नवीन मंडळींनी जरूर लक्षात घ्यावी. पोस्टकार्ड साधारण 14 बाय 9 सेंटीमीटर. 11 औंसाच्या मगावर छापायला जागा मिळते जवळजवळ 20 बाय 9. उंची जुळते, रुंदी नाही. 20 पर्यंत मोठं केलं तर उंची 13 च्या आसपास जाते, म्हणजे एकतर आभाळ कापा नाहीतर रस्ता. नुसतं आडवं ताणलं तर बैल म्हशीएवढा होतो (करून पाहिलंय). म्हणून मूळ मापच ठेवलं आणि फोटो कानाच्या बरोबर समोर आणला. झालं काय, ट्राम गेली वळणावर आणि उजव्या हाताने चहा पिणाऱ्याला नुसती बैलगाडी दिसू लागली. आता फोटो 3 सेंटीमीटर उजवीकडे सरकवलाय. डावीकडे पांढरी जागा राहते, राहू दे.

शिवाय या मगावर तार गायब. खरं तर त्यात नवल नाही. सब्लिमेशनची शाई तापली की वायू होऊन मगाच्या पॉलिमर कोटिंगमध्ये शिरते आणि शिरताना किंचित पसरते. (कोटिंग नसलेल्या साध्या मगावर म्हणूनच काही टिकत नाही.) त्यात पांढरी शाई नसतेच, पांढरं म्हणजे मगाचंच पांढरं. फिक्या आभाळावरची दोन-तीन पिक्सेलची फिकी रेघ या प्रकारात विरघळणारच.

चौथ्याला सगळ्या फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवला. तार आली, पण सज्जांखालच्या सावल्या डांबर झाल्या आणि राखाडी रंगाला हिरवट झाक आली.

पाचव्याला फक्त तारेवर मास्क लावून (म्हणजे बाकी फोटोला हात न लावता) तेवढीच गडद केली. इतका वेळ ‘खरा’ राखाडी हवा हा हट्ट होता, तो सोडून सगळ्याला हलका तपकिरी टोन दिला. हिरवट झाक त्यात बुडून गेली. 180 अंश, 3 मिनिटं. 3 मिनिटं म्हणजे 3च. चौथ्याला मी जरा जास्त रेंगाळलो होतो. हीट टेपही (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) यावेळी कानाच्या दोन्ही बाजूंना ओढून लावली, त्यामुळे कागद हलला नाही आणि पाट्यांना सावलीसारखी दुहेरी कड आली नाही.

तार दिसते! दांड्यापासून सज्जापर्यंत स्वच्छ. डावीकडे वर चढत ती मगाच्या काठाशी जाते, तिथे मात्र शेवटचा सेंटीमीटरभर विझलीय. माझ्या प्रेसचा पट्टा काठाशी नीट दाबत नाही. पुढचा प्रयोग सिलिकॉनचा रॅप गुंडाळून ओव्हनमध्ये. कोणी केलं असेल तर वेळ किती ठेवता, सांगा.

पाचवा मग मामांना द्यायला नेला. ते शाळकरी असताना ट्रामने फिरलेले; शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून दादरला गेली, ती गर्दीही त्यांना आठवते. त्यांनी पाचवा पाहिला, बाजूला ठेवला आणि पिशवीतला पहिला, उलट्या पाट्यांचा उचलला. म्हणाले, “हाच ठेवतो. घरी परत येताना अशीच दिसायची.”