उजवीकडे हं!

सांगायला लाज वाटते, पण अमेरिकेत गाडी चालवायला लागून चांगले दोन महिने झाल्यावर मी रस्त्याच्या चुकीच्या बाजूने गाडी हाकली. पहिल्या दिवशी नाही, पहिल्या आठवड्यात पण नाही, तर दोन महिन्यांनी, म्हणजे ऑफिसात नवीन आलेल्यांना "अरे काही नाही रे, दोन दिवसांत हात बसतो" असं ज्ञान वाटायला लागलो होतो तेव्हा.

रविवारची सकाळ, सहा वाजलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पंपावर टाकी भरली, बाहेर पडलो आणि डावीकडे वळलो. वळलो म्हणजे काय, आपल्या सवयीने अगदी कडेकडेने, छान छोटंसं वळण घेऊन. पुढे फुटपाथवर एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते, त्यांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. इथले लोक अनोळखी माणसालाही हाय-हॅलो करतात हे एव्हाना माहीत झालेलं, त्यामुळे मीही हसून हात केला. मग ते ओरडायला लागले. तेव्हा शेजारी पेंगत असलेल्या बायकोने डोळे उघडले आणि एकच शब्द म्हणाली, "उजवीकडे!"

समोरून कोणी आलं नाही हे नशीब. पण त्या दिवसानंतर मी यावर जरा विचार केला, की नेमकं चुकतं कुठे?

लोकांना वाटतं भीती ट्रॅफिकची आहे. मला तर उलट वाटतं, ट्रॅफिक असेल तर काहीच प्रॉब्लेम नाही. पुढच्या गाडीच्या मागे जायचं, मेंढरासारखं, बस. समोरून येणाऱ्या गाड्याच तुम्हाला तुमच्या बाजूला ठेवतात. घोळ होतो तो रिकाम्या रस्त्यावर, कॉपी करायला कोणीच नसतं तेव्हा. पार्किंगमधून बाहेर पडताना, पंपावरून निघताना, पहाटे, किंवा यू-टर्न मारल्यानंतर. थोडक्यात म्हणजे थांबून परत सुरू करताना. डोकं दुसऱ्याच विचारात असतं आणि हातपाय आपले जुन्या घरी निघून जातात.

आणि त्यातही डावं वळण. डावीकडून चालणाऱ्या देशात डावं वळण हे पोरखेळासारखं सोपं, कडेने सुळकन वळायचं, आणि उजवं वळण मोठं, समोरच्या गाड्या कापून जायचं. इथे बरोबर उलटं. उजवं छोटं, डावं मोठं. हे कागदावर कळायला पाच सेकंद लागतात, पण डाव्या वळणाला चौकाच्या मधोमध जाऊन, समोरच्यांना जाऊ देऊन, मग पलीकडच्या लेनमध्ये शिरायचं हे अंगात मुरायला किती दिवस गेले विचारू नका. कितीतरी दिवस मी तोंडाने "डावं मोठं, उजवं छोटं" असं पुटपुटत वळायचो. बायको म्हणायची, जप चाललाय का तुझा.

बाकी गाडीच्या आतल्या गमती सगळ्यांनाच माहीत आहेत, इंडिकेटर द्यायला गेलं की वायपर चालू होतो, चुकीच्या दारातून आत बसून मग स्टिअरिंग शोधायचं वगैरे. ते महिनाभरात जातं. पेडल तरी तेच असतात, ॲक्सिलरेटर उजव्याच पायाला, एवढी दया केलीये कोणीतरी. माझी गाडी ऑटोमॅटिक होती म्हणून वाचलो, तरी डावा हात गियर शोधत दारावर आपटायचाच. आणि मागचं बघायला मान डावीकडे वर जायची, तिथे आरसा नाही, खिडकी, आणि खिडकीत शेजारच्या गाडीतला माणूस, तो बिचारा विचारात पडायचा की हा माझ्याकडे काय बघतोय.

एक गोष्ट मात्र मला कोणी आधी सांगितली नव्हती, ती म्हणजे गाडी उजवीकडे सरकते. आपण इतकी वर्षं उजव्या सीटवर बसलेलो असतो, गाडीचं सगळं धूड आपल्या डाव्या बाजूला, आणि लेनमध्ये आपलं शरीर कुठे असायला हवं याचा एक अंदाज पक्का बसलेला असतो. इथे डाव्या सीटवर बसूनही आपण स्वतःला त्याच जागी नेऊन ठेवतो, आणि गाडीचं धूड तर आता उजवीकडे आहे, त्यामुळे उजवी चाकं जातात फुटपाथच्या कडेला. पहिल्या आठवड्यात मी उजवीकडचे दोन्ही व्हील कॅप खरवडले. बायको दाराकडून सरकून माझ्या अंगावर यायची, मला वाटायचं प्रेमाने, तर ती झाडांच्या फांद्या बघून घाबरत होती.

याला उपाय म्हणून ऑफिसातल्या एका जुन्या माणसाने एक वाक्य सांगितलं, तेच सगळ्यात कामी आलं: डावं-उजवं विसर, ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या बाजूला आणि शेजारचा माणूस कडेच्या बाजूला. झालं. हे दोन्हीकडे लागू पडतं, घरी असो की इथे. अमेरिकेत त्याच्या जोडीला पिवळी रेघ आहे. इथे समोरासमोरच्या ट्रॅफिकमधली रेघ पिवळी असते, आणि एकाच दिशेने जाणाऱ्या लेनमधली पांढरी. म्हणजे पिवळी कायम आपल्या डाव्या हाताला हवी, ती उजवीकडे दिसली की समजायचं आपण गेलो कामातून. त्या रविवारी ती माझ्या उजवीकडे ठळक दिसत होती म्हणे. मी बघितली पण असेन, पण बघणं आणि कळणं यात फरक असतो ना.

अर्थात ड्रायव्हर मधल्या बाजूला हा नियम सगळीकडे चालेल असं नाही. म्यानमारने १९७० मध्ये वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, पण तिथे वर्षानुवर्षं जपानहून आलेल्या जुन्या गाड्या, उजव्या स्टिअरिंगच्या, म्हणजे ड्रायव्हर कडेला बसून चालवतोय. आणि अमेरिकेच्याच व्हर्जिन आयलंड्समध्ये चालायचं डावीकडून, पण गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या! ओव्हरटेक करताना काय करत असतील देव जाणे, शेजारच्याला विचारत असतील, येतंय का रे कोणी. आमच्या गल्लीत येणाऱ्या पोस्टाच्या गाडीलाही स्टिअरिंग उजवीकडे आहे, कडेच्या पेट्यांमध्ये बसल्या जागेवरून पत्रं टाकता यावीत म्हणून. सुरुवातीला ती गाडी बघून मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

मग या नादात मी स्वीडनबद्दल वाचलं आणि माझं दुःख एकदम हलकं झालं. तिथे पूर्वी डावीकडून चालायचे, आणि गाड्या मात्र बहुतेक डाव्या स्टिअरिंगच्या. १९५५ साली लोकांना विचारलं, बाजू बदलायची का, तर ८० टक्क्यांहून जास्त लोक नाही म्हणाले. तरी सरकारने बदललीच. ३ सप्टेंबर १९६७, रविवार, पहाटे ४:५० ला रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या थांबवल्या, हळूच पलीकडच्या बाजूला नेऊन उभ्या केल्या आणि पाचच्या ठोक्याला परत सोडल्या. अख्खा देश! गंमत म्हणजे त्यानंतर लगेच अपघात वाढले नाहीत, उलट काही काळ कमी झाले, कारण सगळेच जीव मुठीत धरून चालवत होते. नंतर लोक निवांत झाले आणि आकडे परत आपल्या जागी. हे वाचलं आणि माझे दोन महिने डोळ्यासमोर आले, मीसुद्धा पहिले सहा आठवडे काही केलं नाही, निवांत झालो आणि मग पराक्रम केला. सामोआने २००९ मध्ये उलटा प्रवास केला, उजवीकडून डावीकडे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून स्वस्तात जुन्या गाड्या आणता याव्यात म्हणून. कारण अगदी घरगुती, मला फार आवडलं.

गाडीपेक्षा खरा धोका पायी चालताना आहे हे जाता जाता सांगतो. रस्ता ओलांडताना मान आधी उजवीकडे जाते, आणि इथे जवळची गाडी येते डावीकडून. गाडीत निदान सावध तरी असतो आपण, चालताना कोण विचार करतो? तीच मान लाल सिग्नलला उजवीकडे वळताना पण दगा देते. बहुतेक ठिकाणी पूर्ण थांबून, बघून वळायला परवानगी असते (न्यूयॉर्क शहरात मात्र नाही, तिथे हा आगाऊपणा करू नका). थांबतो आपण, बघतो पण आपण, फक्त चुकीच्या बाजूला बघतो.

तर त्या रविवारपासून बायकोने एक नियमच केला, गाडी कुठूनही सुरू झाली की ती म्हणणार "उजवीकडे हं." घरातून निघालो, "उजवीकडे हं." दुकानातून निघालो, "उजवीकडे हं." सुरुवातीला डोकं फिरायचं माझं, पाहुण्यांसमोर तर जास्तच. मग सवय झाली, इतकी की एकदा ती फोनवर होती आणि बोलली नाही तर मी तसाच थांबून राहिलो, मागच्याने हॉर्न वाजवला.

तीन वर्षांनी सुट्टीत घरी गेलो. बाबांची गाडी काढली, बाबा मागे, ही शेजारी. गेटच्या बाहेर गाडीचं नाक काढलं, रस्ता रिकामा, आणि ही सवयीने म्हणाली, "उजवीकडे हं." आणि मी गेलो की उजवीकडे! गेटवरचा वॉचमन शिट्टी फुंकत मागे धावला, मी कचकन ब्रेक मारला. बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू मागे ये, मी चालवतो. आणि सूनबाई, तुम्ही पण मागेच बसा."