तीनशे सत्तेचाळीस नंबरचं फाटक

रात्री २ वाजून १० मिनिटांनी आलेला कॉल मी सकाळी रेकॉर्डिंगवर ऐकला. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांच्या नियंत्रण कक्षासाठी घरांना पत्ते देणं आणि पत्त्यांचा नकाशा सांभाळणं हे माझं काम. गाडी उशिरा पोचली की चौकशीचा फोन माझ्याच टेबलावर वाजतो.

"आधी पत्ता सांगा."

"तीनशे सत्तेचाळीस, कालवा रस्ता. बाबांना दम लागलाय, ओठ निळे पडलेत."

"ताई, नंबर एकेक आकडा करून सांगा."

"तीन. चार. सात."

कॉल घेणाऱ्याने कुठेही चूक केली नव्हती. पत्ता आधी विचारला, कारण कॉल मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. एकेक आकडा वदवून घेतला, कारण खरखरत्या लाइनवर सदतीस आणि सत्तेचाळीस, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फरक कळत नाही. तोवर मोबाइलचं स्थानही पडद्यावर आलं. सुरुवातीला फक्त टॉवरवरून काढलेलं शेकडो मीटरचं मोठं वर्तुळ, मग फोनच्या जीपीएसने ते आवळत आवळत २० मीटरवर आणलं. बिंदू नेमका घराच्या छपरावर आणि नंबरही त्याच घराचा. दोन पुरावे एकमेकांना दुजोरा देत होते.

गाडी २:२१ ला पोचली. रेडिओवर ड्रायव्हर म्हणाला, "घर दिसतंय, ओट्यावरचा दिवाही दिसतोय. फाटक मात्र नाही."

तिथे काटेरी तार होती, तिच्यामागे पाण्याने भरलेला चर, आणि त्यापलीकडे १८० मीटरवर ते घर. मुलगी बॅटरी हलवत ओरडून सांगत होती, आता आम्ही त्या बाजूने येतच नाही. एक कर्मचारी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणि बॅग घेऊन तारेखालून गेला आणि २:२७ ला रुग्णापाशी पोचला. गाडीला मात्र ४.६ किलोमीटरचा वळसा पडला. स्ट्रेचर दाराशी यायला २:३५ झाले. ऑक्सिजन सुरू झाल्यावर म्हातारबाबा सावरले. पण वेळ गेला तो गेलाच.

झालं होतं असं. घर बांधलं तेव्हा फाटक कालवा रस्त्यावर होतं आणि ३४७ हा नंबर त्या फाटकाला दिला होता. पुढे मागच्या बाजूने पक्का रस्ता आला. घरमालकाने फाटक तिकडे काढलं, जुनं तारेने बंद केलं आणि नंबरची पाटी उपटून नव्या फाटकावर ठोकली. पाटी आपल्या घराची आहे, मग ती घराबरोबर फिरणार, असा त्याचा हिशोब. बहुतेकांचा तोच असतो.

पण तो नंबर घराचा नसतोच. तो अंतर सांगतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ग्रामीण भागात रस्त्याच्या सुरुवातीपासून फाटकापर्यंतचे मीटर मोजतात, १० ने भागतात, आणि डाव्या हाताला विषम, उजव्या हाताला सम नंबर देतात. अमेरिकेत बऱ्याच काउंटींमध्ये ५.२८ फुटांना एक नंबर धरतात, म्हणजे एका मैलात बरोबर हजार. आमची पद्धत मीटरची. जुनं फाटक ३,४७२ मीटरवर डाव्या बाजूला होतं, म्हणून ३४७. ड्रायव्हरला त्यातून लगेच कळतं की साडेतीन किलोमीटरच्या जरा अलीकडे डावीकडे बघायचं. दिशादर्शक अ‍ॅप बंद पडलं तरी गाडीतल्या मीटरवर भागतं. तीच पाटी दुसऱ्या रस्त्यावर लावली की तिला काही अर्थ उरत नाही.

आणि जीपीएस? बिंदू खरा होता. पण दिशादर्शक अ‍ॅप बिंदूपासून जवळात जवळचा रस्ता धरतं, आणि जवळचा रस्ता होता कालवा रस्ता. मध्ये तार आहे, चर आहे, हे त्याला कोण सांगणार? "लोकेशन पाठवलंय ना, मग पत्ता कशाला" असं म्हणणाऱ्यांना मी हीच केस सांगतो.

सकाळी मोजणीचं चाक घेऊन नव्या रस्त्यावर गेलो. मोजायला सुरुवात मोठ्या रस्त्याला हा रस्ता फुटतो तिथून, दोन्ही रस्त्यांच्या मध्यरेषा छेदतात त्या बिंदूपासून. डांबराच्या कडेपासून नाही. चाक रस्त्याच्या मध्यरेषेला समांतर चालवायचं, वळणावर आतल्या बाजूने मारायचं नाही, आणि थांबायचं फाटकाच्या बरोबर मध्यावर. आकडा आला १,२६३. भागून १२६.३, फाटक उजवीकडे, म्हणून जवळचा सम नंबर १२६.

तो शेजाऱ्याकडे होता. त्याचं फाटक १,२५५ वर. एका बाजूला दर २० मीटरला एकच नंबर पडतो, त्यामुळे जवळजवळ असलेली फाटकं एकमेकांना भिडणारच. अशा वेळी लोक १२६-अ मागतात. मी शक्यतो देत नाही. ते शेपटीचं अक्षर फोनवर पहिल्यांदा गळतं, आणि सगळ्या पडद्यांवर ते एकाच रकान्यात बसतंही नाही. पुढचा मोकळा सम नंबर १२८ होता. तो दिला, कारण अंतरात पंधरा-वीस मीटरचा फरक पडला तरी चालतो, क्रम मात्र बिघडता कामा नये. १२८ च्या पुढे १२६ आलं की ड्रायव्हर गाडी मागे घेतो.

घरमालक वैतागला. बँक, वीजबिल, विमा, परवाना, सगळीकडे पत्ता बदलायचा. त्याचं खोटं नव्हतं. म्हणूनच नवं घर बांधणाऱ्यांना मी सांगतो की पत्त्याचा अर्ज वीजजोडणीच्या आधी करा. आराखड्यावर घराबरोबर फाटकाची जागाही दाखवा आणि तिथे प्रत्यक्ष एक खुंटी ठोका. टपालाच्या पेटीचा क्रमांक किंवा जमिनीच्या कागदावरचा भूखंड क्रमांक यावर गाडी पोचत नाही. तीन-चार घरांना मिळून एकच खासगी वाट असेल तर त्या वाटेला स्वतंत्र नाव घेतलेलं बरं. आणि ते नाव आसपासच्या नावांशी उच्चारात जुळता कामा नये. वडाचा रस्ता आणि वाड्याचा रस्ता फोनवर एकच.

पाटीचं सांगतो, कारण त्यातच जास्त गफलत होते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या अग्निसंहितेत आकडे किमान ४ इंच उंच आणि रेघ अर्धा इंच जाड असावी असं आहे. मोकळ्या रस्त्यावर मी त्याहून मोठेच सुचवतो. गडद पाटीवर पांढरे रेडियमचे आकडे, दोन्ही बाजूंना. पाटी रस्त्याला काटकोनात, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही गाड्यांच्या दिव्यांत उजळते. भिंतीला चिकटवलेली पितळी पाटी दिवसा सुंदर दिसते आणि रात्री गायब होते. घराच्या दारावर एकच पाटी लावून भागत नाही, ती फाटकावर हवी. पावसाळ्यातल्या गवताच्या वर आणि फांद्यांच्या खाली येईल अशी.

मग नकाशात नोंद. जुन्या फाटकाचा बिंदू हटवला, नव्याचा टाकला, घर ते फाटक ही वाटही रेघ म्हणून काढली, म्हणजे पुढच्या वेळी मार्ग तारेपाशी संपणार नाही. नव्या रस्त्याच्या उजव्या बाजूची नंबरांची हद्द तपासली. ती १२६ वरच संपत होती, म्हणून आधी ती वाढवली; नाहीतर १२८ टाकल्यावर प्रणालीने पत्ता नाकारला असता. ही चूक पडद्यावर दिसत नाही, पहिला कॉल आल्यावरच दिसते. ३४७ पुसला नाही. "रद्द, दुसऱ्याला देऊ नये" असा शेरा मारला आणि तो शोधल्यास १२८ दाखवेल अशी जोड दिली, कारण घाबरलेला माणूस जुनाच पत्ता बोलतो.

त्या घरात इंटरनेटवरून चालणारा फोनही होता. त्याच्या खात्यात नोंदवलेला पत्ता आपोआप बदलत नाही; तो मालकाला माझ्यासमोर बदलायला लावला. खात्री करायला आपत्कालीन नंबर फिरवायचा नसतो, ती लाइन अडते. आठवड्याने कक्षातून साध्या नंबरावरून त्या मुलीला फोन केला आणि पत्ता विचारला.

"तीन, चार..." ती थांबली. "नाही. एक, दोन, आठ."

फोनशेजारी चिठ्ठी लावायला सांगितली. रस्त्याच्या नावासकट.